मालकाला घेऊन या

लीजवरची गाडी ज्याच्या पार्किंगमध्ये उभी राहते त्याची, असं माझ्या मेव्हण्याचं ठाम मत होतं. आरसी बुकाचं मत वेगळं होतं, पण आरसी बुक वाचतो कोण? गाडी आली त्या दिवशी पेढे वाटले. सासूबाईंनी गाडीला ओवाळलं, बॉनेटवर कुंकवानं स्वस्तिक काढलं, चारही चाकांखाली लिंबं ठेवली आणि मागच्या काचेवर ठळक अक्षरांत 'आईचा आशीर्वाद' चिकटवून घेतलं. ज्या गुरुग्रामच्या कंपनीच्या नावावर ती गाडी होती, तिला या सोहळ्यातला अर्धा पेढाही कोणी कुरिअर केला नाही.

मेव्हणा आयटीत आहे. अशा माणसांना आपण केलेली प्रत्येक गोष्ट दुसऱ्याला समजावून सांगायची फार हौस असते.

"भाऊजी, गाडी विकत घेणं आता अडाणीपणाचं झालंय. लीजिंग कंपनी गाडी घेते, आमच्या ऑफिसला भाड्यानं देते, ऑफिस मला देतं. भाडं पगारातून टॅक्सच्या आधीच कापलं जातं. मुदत संपली की उरलेली किंमत भरायची, गाडी आपली!"

"तोपर्यंत कोणाची?"

"आपलीच की."

"आणि कागदावर?"

"भाऊजी, तुम्ही ना, फार मागे राहिलात."

मी गप्प बसलो. जावयाने सासुरवाडीत जास्त प्रश्न विचारू नयेत. जेवणावर परिणाम होतो.

पुढे आषाढ संपत आला. पंचांगात दीप अमावास्या आणि व्यवहारात गटारी. उद्यापासून महिनाभर काही मिळणार नाही, म्हणून महिन्याभराचं आजच संपवायचं, हा आपल्याकडचा आगाऊ नियोजनाचा एकमेव नमुना. एरवी जो समाज विजेचं बिल शेवटच्या तारखेला भरतो, तो श्रावणाची तयारी मात्र आठवडाभर आधीपासून करतो. पोलिसांकडेही पंचांग असतं. तेही तयारी करतात. मेव्हण्याची बायको नेमकी माहेरी साताऱ्याला गेली होती, म्हणजे त्याच्या बाजूनं सगळे योग जुळून आले होते.

फोन आला तो रात्री एकनंतर. "भाऊजी, जरा चौकीवर येता का? विशेष काही नाही, गाडीचे पेपर दाखवायचेत."

नुसते पेपर दाखवायला रात्री एक वाजता कोणी बोलावत नाही, हे मला कळलं. बायकोला ते फोन वाजण्याच्या आधीच कळलं असावं. "प्यायलाय तो," ती उशीत तोंड खुपसूनच म्हणाली. "जा. आणि हे बघा, आईला एवढ्यात काही सांगू नका." मी चपला घालेपर्यंत तिनंच आईला सांगितलं होतं.

चौकीत बाकावर सहा-सात सभ्य गृहस्थ ओळीनं बसले होते. खोलीत वेलदोडा, कच्चा कांदा, टूथपेस्ट आणि मसाला पान यांचा संमिश्र दरवळ होता. प्रत्येकाचा आपापल्या उपायावर विश्वास होता आणि प्रत्येकाचा उपाय फसला होता. आणि प्रत्येक जण दोनच पेग प्यायला होता. महाराष्ट्रात नाकाबंदीत सापडलेला माणूस दोनच्या वर कधी पीतच नाही. या राज्यातला तिसरा पेग कोण पितं, हे एकदा कुणीतरी शोधून काढायला पाहिजे.

एकाचं फुंकणं अजून चालू होतं. तो नळी तोंडात धरून श्वास आत ओढत होता.

"ओ साहेब, फुंका," हवालदार शांतपणे म्हणाला. "ते शहाळं नाहीये."

मेव्हण्याचा आकडा ७४ आला होता. रक्ताच्या १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं १८५ कलम लागतं. मेव्हण्यानं हे मान्यच केलं नव्हतं.

"इंग्लंडमध्ये ८० ची मर्यादा आहे," तो मला, हवालदाराला आणि बाकावरच्या सहकाऱ्यांना उद्देशून म्हणाला. "या ७४ वर लंडनमध्ये मला कोणी हात लावला नसता."

बाकावरून सहमतीचा हुंकार उठला.

"मग लंडनलाच प्यायची," हवालदार रजिस्टरमधून मान वर न करता म्हणाला. "इकडं कशाला आला फुंकायला?"

त्यातही मेव्हण्याकडे अजून एक हुकमाचं पान होतं. अटक केल्यापासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही तर आरोपीला सोडावं लागतं, ही कायद्यातली तरतूद त्याला व्हॉट्सॲपवरून माहीत होती. त्यामुळे त्याला वारंवार लघवीला लागत होती. तिसऱ्या खेपेला हवालदारानं त्याला संडासाच्या दारातूनच गाडीत घातलं आणि सरकारी दवाखान्यात नेऊन वेळेच्या खूप आत परत आणलं.

मग फौजदारसाहेबांनी आणखी एक प्रश्न विचारला. "परवाना आहे का?"

"लायसन्स दिलं ना मघाशी."

"गाडीचा नाही. दारूचा."

१९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात आजही दारू प्यायला परवाना लागतो. विदेशी मद्याचा एक दिवसाचा परवाना पाच रुपयांना मिळतो. कोणी काढत नाही, कोणी विचारत नाही, आणि सगळा महाराष्ट्र रोज रात्री पाच-पाच रुपये वाचवतो. मेव्हण्यानं खिशातून पाचाचं नाणं काढलं. मी त्याचा हात घाईघाईनं खाली दाबला.

मी काही कामाला येईन म्हणून मला बोलावलं होतं. सासुरवाडीत असा समज आहे की मी वर्तमानपत्रात लिहितो म्हणजे माझी वरपर्यंत ओळख असणार. मेव्हण्यानं परस्पर सांगून टाकलं, "साहेब, हे आमचे भाऊजी. प्रेसमध्ये असतात."

फौजदारसाहेब सावरून बसले. "कुठल्या बीटला?"

"रविवारची पुरवणी," मी म्हणालो. "विनोदी."

ते पुन्हा रेलले.

तरीसुद्धा माणूस बरा होता. "हे बघा, ह्यांची केस कोर्टात जाणार. ती काही इथं मिटत नाही. पण गाडी ठेवून घ्यायची आम्हाला हौस नाही, जागाच नाहीये. तुम्ही घेतलेली नाही ना? मग कागद दाखवा, चालवत घेऊन जा. तुमचं लायसन्स?"

मी दाखवलं. त्यांनी ते दिव्याखाली धरलं. "हे तर बिनगिअरच्या दुचाकीचं आहे."

"माझ्याकडे स्कूटर आहे."

"ती कोणी पकडलीय?"

चालवायला दुसरं कोणी तरी येईल, आधी कागद तर बघू, म्हणून त्यांनी आरसी उघडली आणि तिथून त्या रात्रीला खरी रंगत आली.

"मालक कोण?"

"मी," मेव्हणा.

"इथं प्रायव्हेट लिमिटेड लिहिलंय."

"ती लीजिंग कंपनी. गाडी त्यांच्या नावावर आहे. पण त्यांनी ती माझ्या कंपनीला दिलीय. आणि माझ्या कंपनीनं मला."

"म्हणजे तुम्ही कामाला आहात त्या कंपनीची गाडी?"

"नाही. ती पण त्यांची नाही."

"मग हप्ते कोण भरतं?"

"मी. पण ते हप्ते नाहीत, भाडं आहे."

"म्हणजे भाडेकरू."

मेव्हण्याचा चेहरा पडला. रक्तातला ७४ चा आकडा त्यानं हसत पचवला होता. 'भाडेकरू' मात्र त्याला लागला.

"मालकाला घेऊन या," फौजदारसाहेब म्हणाले. "नाहीतर मालकाचं पत्र. लेटरहेडवर, सही-शिक्क्यासकट."

"मालक गुरुग्रामला असतात."

"मग तिकडून घेऊन या."

पंचनामा झाला. टपरीवाल्याला पंच म्हणून उठवून आणलं होतं. तो लुंगी सावरत प्रत्येक वाक्याला मान डोलावत होता. ज्या गाडीला आम्ही 'आपली शुभ्रा' म्हणत होतो, ती पाहता पाहता 'सदर वाहन' झाली. "सदर वाहनाचे डॅशबोर्डवर पिवळ्या धातूची गणपतीची मूर्ती, एक," हवालदार बोलत बोलत लिहीत होता. पोलिसांच्या दप्तरात सोनं, पितळ आणि सोनेरी रंग दिलेलं प्लास्टिक या सगळ्यांना पिवळा धातूच म्हणतात. उद्या खोटं निघालं तर त्यांच्या अंगावर यायला नको. "स्टेपनी एक. जॅक एक. शेवेचे फोडलेले पाकीट एक, त्यात शेव अंदाजे मूठभर." त्यानं पाकीट उजेडात धरून पाहिलं, 'अंदाजे' खोडलं आणि 'अर्धी मूठ' केलं. मग वायपरला सुतळीनं पुठ्ठ्याचा तुकडा बांधला, त्यावर नंबर टाकला आणि गाडी मागच्या आवारात ढकलली. तिथं एका जुन्या मारुतीवर घोसाळ्याचा वेल चढला होता आणि त्याला घोसाळी धरली होती.

सकाळी मेव्हण्यानं लीजिंग कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. गाडी बंद पडली असेल तर एक दाबा, अपघात झाला असेल तर दोन, चोरीला गेली असेल तर तीन. पोलिसांनी नेली असेल तर काय दाबायचं हे कोणी ठरवलेलं नव्हतं. त्यानं विचार करून तीन दाबलं.

"चोरीला गेली का सर?" मुलीनं हिंदीत फार मायेनं विचारलं.

"नेली तर आहे. पण कोणी नेली ते माहीत आहे."

"मग एफआयआर केली का सर?"

"झालीय. माझ्यावर."

तिनं 'कृपया होल्ड करा' म्हणून गाणं लावलं. गाणं संपल्यावर दुसऱ्या एकानं सांगितलं की गाडी आमची असली तरी वापर तुमचा आहे, त्यामुळे जबाबदारी तुमची, आणि पत्र हवं असेल तर तुमच्या एचआरकडून मेल यायला पाहिजे. भाडं मात्र ठरल्या तारखेला कापलं जाईल.

आता एचआरला कळवायचं, पण कळू द्यायचं नाही, असा पेच होता. मेव्हण्यानं मेलचा मजकूर लिहून मला दाखवला. 'सदर वाहन सध्या शासकीय आवारात सुरक्षितपणे उभे आहे.' मी म्हटलं, छान जमलंय. एचआरच्या बाईंनीही तितकंच छान उत्तर दिलं: वाहन सुरक्षित असल्याचं वाचून आनंद झाला. ते तिथून बाहेर का काढायचं आहे, हे मात्र त्यांना समजेना.

सासूबाईंचा मुक्काम एव्हाना आमच्याकडे हलला होता. "अमावास्येला गाडी बाहेर काढू नको म्हटलं होतं मी," हे त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगितलं. अमावास्येला दारू पिऊ नको, असं आपण म्हटलं नव्हतं, हे त्यांना सुचलं नाही आणि सुचवायची माझी प्राज्ञा नव्हती. त्यांना धीर द्यावा म्हणून मी फोनवर इकडचं तिकडचं वाचून दाखवू लागलो. आपलं नशीब म्हणून आपण पुण्यात आहोत, हा माझा मुद्दा होता.

"आई, डेन्मार्कमध्ये तर २०२१ च्या मार्चअखेरीपासून कायदाच आहे. दोन प्रोमिलच्या वर, म्हणजे आपल्या भाषेत साधारण २०० आकडा आला, की पोलीस गाडी कायमची काढून घेतात आणि लिलाव करतात. लीजची असो, उसनी आणलेली असो. बेफाम पळवली तरी तेच. एकानं जर्मनीत नवीकोरी लॅम्बॉर्गिनी घेतली आणि नॉर्वेला घरी निघाला. वाटेत डेन्मार्कमध्ये २३६ च्या वेगानं सापडला. घेतल्यापासून काही तासांत गाडी गेली."

"पूजा तरी झाली होती का तिची?" सासूबाईंनी विचारलं.

"ते दिलेलं नाही. आणि लॅटव्हियात बघा, दीड प्रोमिलच्या वर पिऊन चालवली की गाडी सरकारजमा. दुसऱ्याची असली तर तिची किंमत पिणाऱ्याकडून वसूल. २०२३ पासून अशा कितीतरी गाड्या त्यांनी युक्रेनला पाठवल्या, युद्धाच्या कामाला."

इथं माझं गणित चुकलं असावं, कारण सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. "म्हणजे आपली शुभ्रा लढाईवर जाणार?"

संध्याकाळपर्यंत नातेवाइकांत बातमी पसरली, की जावईबापूंनी स्वतः वाचून सांगितलंय, गाडी युक्रेनला चाललीय. पनवेलच्या मावशींनी तर फोन करून विचारलं, की तिकडे पाठवणारच असतील तर काचेवरचा आशीर्वाद तसाच राहू द्या, कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

शेवटी वकील गाठला. सासुरवाडीच्या ओळखीचे जे 'साहेब' होते ते वन खात्यातून निवृत्त झालेले निघाले. गाडी बिबट्यानं नेली असती तर त्यांचा उपयोग झाला असता. वकील तरुण होते. त्यांनी आमची कहाणी अर्धीच ऐकली आणि हात वर केला. "काळजी नको. सुंदरभाई आहेत ना आपल्याकडे."

सासूबाईंचा चेहरा उजळला. "मग लावा ना त्यांना फोन! एवढे दिवस कशाला थांबलो आपण?"

वकिलांनी खुलासा केला, की सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य हा सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा निकाल आहे. जप्त केलेली वाहनं पोलीस ठाण्याच्या आवारात वर्षानुवर्षं सडवत ठेवण्यात अर्थ नाही, योग्य ती हमी घेऊन ती लवकर परत द्यावीत, असं न्यायालयानं त्यात सांगितलंय. माझ्या डोळ्यांसमोर घोसाळी आली. सासूबाईंचं मात्र शेवटपर्यंत समाधान झालं नाही. "पण ते स्वतः येणार आहेत का?" हे त्यांनी निघताना दारात पुन्हा विचारलंच.

अर्ज करायचा होता सुपूर्तनाम्यावर गाडी मिळण्यासाठी. त्यात पहिलाच रकाना होता अर्जदाराचं वाहनाशी नातं. मेव्हण्यानं तिथं 'भावनिक' लिहिलं असतं, पण वकिलांनी फॉर्म काढून घेतला.

गुरुग्रामचं पत्र एकदाचं आलं. सही होती, शिक्का होता, आणि सोबत दोन पानी सूचना होती. पत्र देण्याचा प्रशासकीय खर्च वेगळा. दंड, वकील, झालेलं नुकसान सगळं वापरकर्त्याच्या माथी. चालक दारू प्यायलेला असताना काही झालं तर विमा मिळणार नाही याची नोंद घ्यावी. आणि मालकाच्या लेखी परवानगीशिवाय वाहनावर लावलेला मजकूर त्वरित काढून टाकावा. हा शेवटचा मुद्दा सासूबाईंना सांगायची जबाबदारी मेव्हण्यानं माझ्यावर टाकली. मी ती बायकोवर टाकली. बायकोनं आपण सूचना वाचलीच नाही असं जाहीर केलं.

कोर्टात मजा काही आली नाही. तिथं विनोदाला फारसा वाव ठेवत नाहीत. १८५ खाली पहिल्या गुन्ह्याला दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, असं आहे. "गुन्हा कबूल?" असं विचारल्यावर मेव्हण्यानं "सर, इंग्लंडमध्ये..." अशी सुरुवात केली. वकिलांनी त्याच्या पायावर पाय दिला आणि त्याच्या तोंडून जो 'आई गं' निघाला, तो होकार धरला गेला. दंड दहा हजार. लायसन्स आधीच आरटीओकडे रवाना झालं होतं, तीन महिन्यांच्या निलंबनासाठी. पाच रुपयांच्या परवान्याचा विषय कोणी काढला नाही. मी मनातल्या मनात आभार मानले.

गाडी ताब्यात घ्यायला निघालो तेव्हा लक्षात आलं, की आता चालवणार कोण? मेव्हण्याचं लायसन्स गेलेलं, माझं दुचाकीचं. तेवढ्यात मेव्हण्याची बायको साताऱ्याहून परत आली. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं, म्हणजे अर्थातच तिला सगळं माहीत होतं. लग्नाच्या आधीपासून तिच्याकडे चारचाकीचं लायसन्स आहे. पण "तुला रिव्हर्स जमत नाही" या एका वाक्यावर मेव्हण्यानं तिला आजवर शुभ्राच्या स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता.

आवारात गाडी तीन ट्रक आणि एका घोसाळ्याच्या मांडवाच्या मधे अडकली होती. बॉनेटवर कुत्र्याच्या पावलांचे ठसे, काचेवर कावळ्यांची नक्षी, स्वस्तिक पावसानं ओघळून बंपरपर्यंत आलेलं. हवालदारानं यादी वाचून एकेक वस्तू ताब्यात दिली. गणपती मिळाला, जॅक मिळाला. शेवेवर मात्र दोन्ही पक्षांनी फार ताणलं नाही.

"मॅडम, ड्रायव्हर बोलवा, इथनं काढणं अवघड आहे," तो म्हणाला. मेव्हणा मागे उभा राहून "ये, ये, डावीकडे, थांब, अगं थांब" असं ओरडायला लागला. तिनं काच वर केली आणि एका फटक्यात गाडी उलटी काढून फाटकातून रस्त्यावर आणून उभी केली. हवालदारानं सलाम केला, आणि तो आमच्यापैकी कोणालाच नव्हता.

मेव्हणा मागच्या सीटवर माझ्या आणि सासूबाईंच्या मध्ये बसला. सिंहगड रस्त्यापर्यंत तो काही बोलला नाही. मग माझ्या कानाशी आला. "भाऊजी, एका अर्थी बरंच झालं बघा. तीन महिने मला गाडी चालवायचीच नाहीये. श्रावण आणि गणपती उरकले की निवांत बसू. टेन्शनच नाही!"

"आणि येताना?"

"ही आहे की. फोन केला की येईल न्यायला."

आरशातून तिनं त्याच्याकडे पाहिलं. "जरूर बसा," ती म्हणाली. "आणि फोन गुरुग्रामला करा. नंबर पाठवून ठेवते."